व्यापारी मजकुरालाही मापारी हवा

दिवाळीच्या सुमारास केळापूर तालुक्यात कापसाची वेचणी जोर धरते आणि पांढरकवड्याच्या बाजाराकडे भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. या बाजारात एक बोचकेही न तपासता घेतले जात नाही. गाडी वजनकाट्यावर चढते, भरल्या गाडीचे व रिकाम्या गाडीचे वजन वेगवेगळे नोंदले जाते, कापसात ओलावामापक यंत्र खुपसले जाते. भारतीय कपास निगमाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण हमीभाव, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असल्यास त्या प्रमाणात कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गेल्यास खरेदी नाही, असा दंडक आहे. ही काटेकोर व्यवस्था आपोआप अवतरलेली नाही. वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ साली कायदा झाला; पुढे १९६३ साली महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजारविषयक कायदा आला. खोट्या मापाविरुद्ध शेतकऱ्याने केलेली तक्रार कायद्याच्या कानावर पडून तिचे नियमात रूपांतर व्हावयास कित्येक दशके जावी लागली. आज माल मोजणाऱ्या मापाऱ्यास परवाना लागतो, आणि त्याच्या मापावर शंका घेण्याचा अधिकार विकणाऱ्यास आहे.

परंतु याच व्यापाराचा आणखी एक माल रोज बाजारात येतो आणि त्याला मात्र कोणीही मापारी नाही. तो माल म्हणजे शब्द. बियाण्यांच्या कंपन्या, कीटकनाशकांचे उत्पादक, जिनिंग कारखाने, विमा कंपन्या, पतसंस्था, अवजारांचे विक्रेते अशा सर्वांचा मजकूर आता संकेतस्थळांवर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येऊन ठेपला आहे. २०२५ च्या हंगामापासून हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याची नोंदणीदेखील ‘कपास किसान’ या भ्रमणध्वनीवरील उपयोजनातून होऊ लागली. म्हणजे बाजाराच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वीच त्याला काही ओळी वाचाव्या लागतात व त्यांचा अर्थ लावावा लागतो. त्या ओळी कोणी लिहिल्या, कोणी तपासल्या आणि त्या वाचून माणसास नेमके काय समजेल याचा विचार कोणी केला, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

छापखान्याच्या काळात या प्रश्नाचे उत्तर व्यवहारातच दडलेले असे. एखाद्या व्यापाऱ्यास साधे दरपत्रक छापून घ्यावयाचे असले तरी ते खिळे जुळवणाऱ्याच्या हातून जाई, कच्चे मुद्रित मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जाई आणि शेवटी व्यापारी स्वतः त्यावर सही करी. तीन माणसांच्या नजरा फिरल्याखेरीज एकही ओळ लोकांसमोर येत नसे. यामागे भाषाप्रेम होते असे नव्हे. चूक झाली तर हजार प्रती रद्दीत घालाव्या लागतील, ही भीती होती. संकेतस्थळाने ही भीती नाहीशी केली. तेथील चूक केव्हाही दुरुस्त करता येते. आणि जे केव्हाही करता येते ते सहसा कधीच केले जात नाही. प्रकाशनाचा खर्च घटला, त्याबरोबर वाचून पाहण्याची सवयही गेली.

एका शब्दाचे चार अर्थ

संपादन म्हणजे ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढणे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो अपुरा आहे. व्यापारी मजकुराच्या संपादकाचे पहिले काम अर्थाचे माप तपासण्याचे असते. कापसाच्याच व्यवहाराचे उदाहरण घ्यावे. शेतात उभी असते ती कपाशी, वेचून घरी येतो तो कापूस, जिनिंगमधून निघते ती रुई, मागे उरते ती सरकी आणि सरकीचे तेल काढल्यावर राहते ती ढेप. इंग्रजीत यांपैकी पहिल्या तिन्हींना एकच शब्द पुरतो. त्या इंग्रजी शब्दाचे सरसकट ‘कापूस’ असे भाषांतर संकेतस्थळावर झाले की भावाचा घोटाळा झालाच. एक क्विंटल कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते. रुईचा भाव कापसाचा म्हणून वाचणाऱ्या शेतकऱ्यास आपण लुबाडले गेलो असे वाटेल. आणि त्याला वाटणारा तो संशय खोटा असला तरी तो निर्माण करण्याचे पाप त्या निष्काळजी मजकुराचेच असेल.

वजनांचेही तसेच आहे. रुईचे घाऊक भाव खंडीवर सांगितले जातात आणि ही खंडी सुमारे ३५६ किलोंची असते. गाठ १७० किलोंची असते. ‘खंडी’ हा आपलाच शब्द इंग्रजांच्या तोंडी ‘कँडी’ झाला आणि त्याच रूपात व्यापारी इंग्रजीत राहिला. संदर्भ न जाणणाऱ्या भाषांतराने त्याची मिठाई करून टाकावी, हे अगदी सहज घडू शकते. वाचणारा हसेल आणि सोडून देईल. खरी भीती हसू न येणाऱ्या चुकांची आहे.

‘उतारा’ हा शब्द पाहावा. केळापूरच्या शेतकऱ्याच्या व्यवहारात तो किमान चार अर्थांनी येतो. तलाठ्याकडून मिळतो तो सातबाराचा उतारा. जिनिंगमध्ये कापसातून किती रुई निघाली तो रुईचा उतारा. शेतात एकरी किती माल आला त्यालाही उतारा म्हणतात. आणि विषबाधा झाल्यावर जो द्यावयाचा तोही उताराच. गावातील माणूस प्रसंगावरून यातला अर्थ अचूक ओळखतो, कारण बोलणारा समोर असतो आणि त्याला उलट प्रश्न विचारता येतो. पडद्यावरील मजकुरास प्रश्न विचारता येत नाही. लेखक समोर नसताना वाचकाच्या मनात उठू शकणारे प्रश्न आधीच विचारून त्यांची उत्तरे मजकुरात बसवणे, हेच संपादकाचे काम आहे. तो वाचकाचा अनुपस्थितीतील वकील असतो.

२०१७ चा धडा

या विवेचनाला पांडित्याची कसरत समजणाऱ्यांनी २०१७ सालाचे स्मरण करावे. त्या वर्षी कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबर महिन्यात पाच कीटकनाशकांच्या विक्रीस व वापरास विदर्भातील काही जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घालण्यात आली. छापील मजकुराच्या दोषामुळे हे मृत्यू झाले, असे म्हणणे अर्थातच अडाणीपणाचे ठरेल. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट हवा, दिवसचे दिवस चाललेली फवारणी, अनेक औषधांचे मनमानी मिश्रण, संरक्षक साधनांचा अभाव आणि मजुराची गरिबी ही कारणे ढळढळीत होती. परंतु या साखळीत एक कडी शब्दांचीही होती, हे नाकारता येणार नाही. औषध बनवणारा आणि ते फवारणारा यांच्यामध्ये जो एकमेव संवाद होता तो डब्यावरच्या चिठ्ठीचा आणि आतल्या घडीपत्रकाचा. तो संवाद बहुतेक ठिकाणी झालाच नाही.

कायद्यात त्याची तरतूद नव्हती असे नाही. १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि १९७१ चे नियम यांनी चिठ्ठी व पत्रक बंधनकारक केले आहे. विषाची तीव्रता दाखवण्यासाठी लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असे चार रंग ठरवून दिले आहेत. पत्रकात विषबाधेची लक्षणे, घ्यावयाची काळजी, प्रथमोपचार आणि रिकाम्या डब्यांची विल्हेवाट यांची माहिती असावी लागते. विषावरचा उतारा पत्रकातही आणि चिठ्ठीवरही द्यावा लागतो. हिंदी व इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही हा मजकूर छापणे आवश्यक आहे. म्हणजे कायद्याने मजकूर असण्याची सक्ती केली. तो समजण्याची सक्ती कोणता कायदा करणार? अनेक भाषांतील मजकूर एका चिठोरीवर बसवताना अक्षरे मुंगीएवढी होतात आणि वाक्ये कार्यालयीन टिप्पणीसारखी. अटीची पूर्तता होते, पण सांगणे राहून जाते.

येथे संकेतस्थळाचा खरा उपयोग होता. डब्यावर जागा नसते. पडद्यावर जागेची टंचाई नाही. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, चित्र देता येते, तोच मजकूर आवाजातून ऐकवता येतो. परंतु पत्रकातील तीच वाक्ये जशीच्या तशी संकेतस्थळावर चढवावयाची असतील तर या सोयींचा काय उपयोग? ‘वाऱ्याच्या दिशेने फवारणी करण्यात यावी’ हे वाक्य घ्यावे. वारा येतो ती दिशा की जातो ती? दोन्ही अर्थ निघतात आणि त्यांपैकी एक अर्थ माणसाच्या तोंडावर विष आणतो. जाणता संपादक तेथे लिहील, ‘वारा पाठीवर घ्या. तोंडावर वारा येत असेल तर फवारणी थांबवा.’ ‘योग्य ती वैयक्तिक संरक्षक साधने परिधान करण्यात यावीत’ या वाक्यातून मजुरास काहीच दिसत नाही. ‘हातमोजे, चष्मा, तोंडावर मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घातल्याशिवाय डबा उघडू नका’ असे म्हटले की काय करावयाचे ते डोळ्यांसमोर उभे राहते. या दोन वाक्यांतील फरक शैलीचा नाही, प्राणाचा आहे.

आकड्यांच्या बाबतीत तर संपादनाला पर्यायच नाही. शास्त्रज्ञ मात्रा हेक्टरी सांगतो, शेतकरी एकरात विचार करतो आणि फवारणारा मजूर पंपावर मोजतो. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. हेक्टरी मात्रेपुढील ‘हेक्टर’ हा शब्द भाषांतरात ‘एकर’ झाला तर औषध अडीचपट पडेल. दशांश चिन्हाचा एक ठिपका गळला तर दहापट पडेल. हे ठिपके व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत. ते मूळ प्रतीशी अंकन्अंक ताडून पाहणाऱ्या माणसालाच सापडतील.

हुंडीचे शहाणपण

व्यापाराला ही काळजी नवी आहे, असेही कोणी समजू नये. आपल्या जुन्या सावकारीत हुंडी लिहिण्याची एक रीत होती. शंभर रुपयांची हुंडी असेल तर रक्कम लिहून झाल्यावर तिची निम्मी रक्कम पन्नास आणि त्याचे दुप्पट पुरे शंभर, असे त्याच हुंडीत पुन्हा लिहिले जाई. कोणी एक शून्य वाढवले वा अक्षर पुसट झाले तरी निमपट आकड्यावरून लबाडी उघड व्हावी, हा त्यातला हेतू. हुंडी लिहिणारा मुनीम काही साहित्यिक नव्हता. पण लिहिलेला शब्द आपल्या हातातून सुटला की परका होतो आणि परक्या हातात त्याचा काय अर्थ लावला जाईल याची तजवीज आधीच करावी लागते, हे त्याला ठाऊक होते. धनादेशावर रक्कम अंकांत व अक्षरांत लिहिण्याची आजची पद्धत याच शहाणपणाची आहे. दोहोंत तफावत पडल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे १८ वे कलम सांगते. कारकुनी करणाऱ्या प्रत्येकास ही गोष्ट परिचयाची आहे. जी दक्षता शंभर रुपयांच्या कागदाला घेतली जाते ती हजारो लोक वाचणार असलेल्या मजकुराला घेतली जाऊ नये, हे नवलच म्हणावयाचे.

बाहेरच्या जगाला याची किंमत मोजून शहाणपण आलेले आहे. २००९ साली ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाने ‘टेलर अँड सन’ या कंपनीविरुद्धचा विसर्जनाचा आदेश ‘टेलर अँड सन्स’ या दुसऱ्याच, जुन्या कंपनीच्या नावावर नोंदवला. चूक एका अक्षराची होती. ती लवकरच दुरुस्तही झाली. परंतु तोवर बातमी पसरून पुरवठादारांचा व बँकेचा विश्वास उडाला आणि कंपनी बुडाली. २०१५ साली तेथील उच्च न्यायालयाने कार्यालयास जबाबदार धरले. अमेरिकेत मेन राज्यातील एका कायद्याच्या वाक्यात एक स्वल्पविराम नव्हता; त्या संदिग्धतेवर बोट ठेवून ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी जादा कामाच्या मोबदल्याचा दावा केला. २०१७ साली अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी डेअरीने ५० लाख डॉलरला तडजोड केली. एका अक्षराला वा स्वल्पविरामाला एवढे मोल असू शकते, हे तेथील व्यापाराला कळले आहे. येथे ते कळण्यासाठी तशाच आपत्तीची वाट पाहावयाची काय?

आपला कायदाही या बाबतीत मुका नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ ने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस जबाबदार धरले आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता, माल परत घेण्याच्या व पैसे परत करण्याच्या अटी, हमी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर स्पष्टपणे द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात व्हावे, असे बंधन आहे. संदिग्ध कलमाचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व विमा करारांच्या बाबतीत भारतीय न्यायालयांनी अनेकदा स्वीकारले आहे. म्हणजे अस्पष्ट लिहिण्यात व्यापाऱ्याचेही हित नाही. पण न्यायालयात मिळणारा अर्थ नेहमी उशिरा मिळतो. पेरणीच्या दिवसांत चुकीच्या वाक्यावर विसंबून फसलेल्या शेतकऱ्यास दोन वर्षांनी मिळालेला न्याय त्या हंगामाचे पीक परत देऊ शकत नाही. त्याच्या दृष्टीने वाक्य प्रसिद्ध होण्यापूर्वी तपासले जाणे, हाच खरा न्याय.

चार आक्षेप

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेपही तपासले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, आता यंत्रे क्षणार्धात मराठी भाषांतर करतात. संपादकाची गरज उरली नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पूर्वीचे यांत्रिक भाषांतर इतके ओबडधोबड असे की चूक लांबूनच दिसे. आजचे यंत्र सफाईदार मराठी लिहिते आणि चूक त्या सफाईत लपते. अडखळत बोलणाऱ्याच्या खोटेपणापेक्षा अस्खलित बोलणाऱ्याची चूक अधिक धोक्याची, हा व्यवहारातला अनुभव आहे. यंत्राने पहिला खर्डा करावा, त्यास कोणाचीही हरकत नसावी. परंतु खर्डा म्हणजे मजकूर नव्हे, आणि त्याखाली सही करणारा माणूसच असला पाहिजे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो मोठ्या कंपन्यांनी करणे शोभणारे नाही. जाहिरातीच्या एका चित्रफितीवर होणाऱ्या खर्चात वर्षभराचे संपादन होईल. लहान जिनिंग कारखान्याच्या वा कृषी केंद्राच्या संकेतस्थळाची पाने दहा-वीसच असतात. ती हंगामापूर्वी एकदा काळजीपूर्वक वाचून घेण्यास दोन दिवस पुरतात. उलट न वाचण्याचा खर्च हिशेबात दाखवला जात नाही, एवढेच. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ७,५२१ रुपये होता. २०२५-२६ साठी तो ८,११० रुपये ठरला. मागच्या हंगामाचा आकडा तारखेवाचून पानावर तसाच राहिला आणि त्यावर विसंबून कोणी खेडा खरेदीत माल दिला, तर क्विंटलमागे ५८९ रुपयांचा फरक पडतो. जुनी माहिती खोटी नसते. ती वेळेवर न काढल्यामुळे खोटी होते.

तिसरा आक्षेप अधिक निराश करणारा आहे. ‘हे वाचतो कोण?’ असे विचारले जाते. उत्तर असे की, आता पूर्वीपेक्षा अधिक लोक वाचतात. शेतकरी स्वतः वाचत नसेल, परंतु पांढरकवड्याच्या महाविद्यालयात शिकणारी त्याची मुलगी वाचते आणि घरी मोठ्याने वाचून दाखवते. वाचले जात नसेल तर ते वाचण्याजोगे नसते म्हणून. २०११ साली एका ब्रिटिश विक्रेत्याने आपल्या संकेतस्थळावरील वर्णलेखनाची एक चूक सुधारताच दर भेटीमागील उत्पन्न दुपटीने वाढल्याचे सांगितले होते. एका माणसाचा अनुभव हा सिद्धांत होत नाही, हे मान्य. तरी ज्या दुकानाच्या पाटीवरच चूक आहे त्याच्या तराजूवर विश्वास ठेवावा की नाही, असा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात उठणे स्वाभाविक आहे.

चौथा आक्षेप भाषेच्या अभ्यासकांकडून नकळत पुरवला गेला आहे. संपादन म्हटले की सोवळी, संस्कृतप्रचुर, कोणाला न कळणारी मराठी लादली जाणार, अशी धास्ती व्यापाऱ्यांना वाटते. ती निराधार नाही. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली. ते नियम पाळले जावेत, यात दुमत नसावे. पण नियमात बसणारे वाक्य वाचकालाही कळले पाहिजे. ‘पंप’, ‘स्प्रे’, ‘पाकीट’, ‘बिल’ हे शब्द बाजारात नांदत असताना त्यांच्या जागी कोशातले शब्द बसवणारा संपादक वाचकाचा वकील नव्हे, तो प्रतिपक्षाचा. त्यातही केळापूर तालुक्यात अनेक गोंड आणि कोलाम कुटुंबांची मायबोली मराठी नाही, आणि पैनगंगेपलीकडे तेलुगूचा मुलूख सुरू होतो. ज्यांनी मराठी शाळेत आणि बाजारात शिकून आपलीशी केली, त्यांच्यासाठी लिहिताना साधेपणा ही कृपा नसून कर्तव्य आहे.

या तालुक्याचे नावच एक धडा शिकवते. तालुका केळापूर, पण त्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा. तहसीलच्या कागदावर एक नाव, एसटीच्या पाटीवर दुसरे. दूरच्या शहरात बसून नमुना अर्ज तयार करणाऱ्यास हे ठाऊक नसते. रोमन लिपीतून उलट देवनागरीत आणलेले ‘पांढरकवडा’ कधी ‘पंढरकवाडा’ होते, कधी ‘पांधरकावडा’. शहर आणि तालुका यांच्या रकान्यांत गोंधळलेला ग्राहक अर्ज अर्ध्यावर सोडतो, नाहीतर त्याचे पार्सल भलतीकडे जाते. स्थानिक माणसाने एकदा नजर टाकली असती तर पाच मिनिटांत निभावणारे हे काम. संपादनाला विद्वत्तेइतकीच ओळखीची गरज असते, आणि ही ओळख मुंबईत बसून विकत घेता येत नाही.

करावयाचे काय?

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक व्यवसायाने आपल्या संकेतस्थळावरील मजकुराची तीन वाचने सक्तीची मानावीत. पहिले वाचन विषय जाणणाऱ्याचे. तो वस्तुस्थिती आणि आकडे मूळ कागदाशी ताडून पाहील. दुसरे भाषा जाणणाऱ्याचे. तो वाक्य एकाच अर्थाचे आहे ना ते पाहील. तिसरे वाचन पूर्णपणे परक्या माणसाचे असावे. ज्याला तो माल विकावयाचा आहे अशा एखाद्या शेतकऱ्यास वा मजुरास मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा आणि ‘आता तुम्ही काय कराल?’ एवढेच विचारावे. त्याचे उत्तर चुकले तर त्याला दोष न देता वाक्य बदलावे. प्रत्येक पानाखाली ते केव्हा तपासले याची तारीख असावी.

संस्थांनीही आपला वाटा उचलावा. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्याकडे विषयाचे ज्ञान आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाकडे परिभाषा घडवण्याचा दीर्घ अनुभव आहे. कपाशी, फवारणी, विमा आणि बाजार यांत लागणाऱ्या काही शे शब्दांची व धोक्याच्या सूचनांची प्रमाण मराठी वाक्ये या संस्थांनी एकत्र बसून ठरवली व ती सर्वांना विनामूल्य वापरू दिली, तर प्रत्येक कंपनीस नव्याने चुकण्याची गरज उरणार नाही. अमरावती विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांनी मराठीच्या पदवीधरांना व्यापारी मजकुराच्या संपादनाचे शिक्षण द्यावे. मराठी शिकून करावयाचे काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिक्षकी पेशाखेरीज दुसरा उंबरठा फारसा दिसत नाही. हा एक उंबरठा आहे, आणि त्याच्या आत पुष्कळ काम पडून आहे.

दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात यासाठी कायदा झाला, वाद झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२३ साली तेथून अंमलबजावणीसाठी मुदत मिळाली. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंदही रास्तच आहे. परंतु पाटीवर मराठी आली आणि पाटीमागच्या मजकुरात ती मोडून पडली, तर त्या विजयाचा अर्थ काय उरतो? भाषेचा मान सोहळ्यात जेवढा असतो त्याहून अधिक तो बिलाच्या अटीत, विम्याच्या कलमात आणि विषाच्या डब्यावरच्या चार ओळींत असतो.

कापसाच्या मापात किलोभर खोट आढळली तर केळापूरचा शेतकरी काट्यापुढे गाडी अडवून उभा राहतो. तो हक्क त्याने झगडून मिळवला आहे. शब्दातील खोट त्याला दिसत नाही, कारण तिचे वजन दाखवणारा काटा त्याच्यापुढे ठेवलेलाच नाही. तो काटा ठेवण्याची जबाबदारी माल विकणाऱ्याची आहे, वाचणाऱ्याची नव्हे.